सॅम्पलवरचं नाव

दिनानाथकाकांचा मला आधी राग यायचा, हे खरं सांगून टाकते. उल्हासनगरात लग्नपत्रिकांच्या दुकानात मी डिझाइनचं काम करते. सीझनला गिऱ्हाईक नुसतं अंगावर येतं, आणि हा माणूस अंबरनाथहून येऊन माझ्या कॉम्प्युटरशेजारी खुर्ची ओढून बसणार. काय तर म्हणे, छोट्या इंग्रजी ‘ए’चं पोट जाड छापलं जातंय. अहो काका, लोक पत्रिकेत तारीख बघतात आणि जेवण कुठे आहे ते बघतात. पोट कोण बघतंय!

काका एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या कामगाराला सर्टिफिकेट मिळायचं, त्यावरचं नाव काका हाताने लिहायचे. चपट्या टोकाचा टाक, काळी शाई, इंग्रजी तिरपं अक्षर. रिटायर झाल्यावर अनीशला, म्हणजे भाच्याला, हाताशी धरून त्यांनी त्या अक्षराचा फॉन्ट केला. दोन वर्षं लागली. एवढा खटाटोप कशासाठी, तर मुलीच्या लग्नासाठी. राजसीची पत्रिका बाजारातल्या अक्षरात छापायची नाही, असा हट्ट. म्हणून आधी तिच्या नावातली अक्षरं काढली आणि बाकीची सगळी त्यांच्यावर बेतली.

अक्षर देखणं होतं, हे मात्र कबूल. सरळ अक्षर नुसतं वाकवलं की तिरपं होत नाही, हे मला काकांनीच शिकवलं. टाक वर जाताना रेघ बारीक, खाली येताना जाड. आणि टाक उचलायच्या आधी अक्षराला एक छोटा पाय सुटतो, तो पुढच्या अक्षराकडे जायला निघालेला असतो. हे अक्षर फक्त नावांना वापरायचं. हॉलचा पत्ता त्यात टाकलास तर म्हातारी माणसं शिव्या देतील, असं ते बजावायचे.

आमच्या लाइनीत एक रीत आहे. नव्या डिझाइनची पहिली पत्रिका ज्याची छापली, तीच सॅम्पल म्हणून अल्बमला लागते. तसं ‘राजसी वेड्स वरद’ हे कार्ड पहिल्या पानावर लागलं. सिंधी गिऱ्हाईक तर त्यावर फिदा. ‘वो राजसीवाला दिखाओ,’ असं नाव घेऊनच मागायचे.

लग्नानंतर अकरा महिन्यांनी राजसी गेली. बदलापूरला मांजर्लीत सासर होतं. डेंग्यू झाला, चार दिवस हॉस्पिटल, संपलं. काका पंधराव्या दिवशी दुकानात आले.  त्यांनी अल्बम उघडला, पहिलं पान बघितलं, शाई ठीक लागतेय म्हणाले आणि गेले. रडणं नाही, काही नाही. चेहरा पुसलेल्या पाटीसारखा.

मग दर मंगळवारी यायला लागले. कोपऱ्यात बसायचे. एखादं गिऱ्हाईक येऊन अल्बम बघेपर्यंत हलायचे नाहीत, मग अर्धा चहा टाकून निघायचे. मी मनात म्हणायची, मुलगी गेली तरी या माणसाला शाईचीच पडलीय.

मे महिन्यात मांजर्लीचीच एक बाई मुलाची पत्रिका करायला आली. पहिलं पान बघून तिचा हात थबकला. ही तर आमच्या सोसायटीतली, वारली बिचारी, तिचं कार्ड तुम्ही लग्नघरच्यांना दाखवता? असं म्हणून उठली ती थेट समोरच्या दुकानात गेली. आमचे शेठ हितेशभाई भडकले, आजच्या आज बदल म्हणाले. मला तरी कुठे वाईट वाटलं? उलट वाटलं, बरंच झालं, काकांना दर मंगळवारी ते नाव बघावं लागणार नाही. दोन मिनिटांचं काम. राजसीच्या जागी पूजा, वरदच्या जागी राहुल. जुनी कार्डं फाडून टाकली. काकांना एक फोन करावा, एवढंही मला सुचलं नाही.

मंगळवारी काका आले. अल्बम उघडला. मागची पानं चाळली, पुन्हा पहिल्यावर आले.

“तिचं नाव काढलंस?”

मी घडाघडा सगळं सांगितलं. ती बाई, शेठ, शुभकार्य. तुम्हालाही त्रास नको म्हणून, असंही वर म्हणाले. काकांनी ऐकून घेतलं.

“घरी तिचं नाव कुणी घेत नाही गं,” ते म्हणाले. आवाज चढला नाही की कापला नाही. “मला त्रास होईल म्हणून तुझी काकू घेत नाही, तिला होईल म्हणून मी घेत नाही. इथं कुणीतरी ते मोठ्याने वाचायचं.”

मी माउस हातात घेतला. म्हटलं, काका, फाइल आहे, आत्ता परत लावते, शेठना मी बघून घेते.

“नको. लोकांच्या घरचं कार्य असतं.”

मग त्यांनी चष्मा लावला, नवं कार्ड जवळ घेतलं आणि पेन्सिलीने बारीक खूण केली. पूजाच्या ‘पी’पुढे फट जास्त पडलीय म्हणाले, जरा जवळ घे. मी घेतलं. दुसरी प्रिंट काढून पुढे ठेवली. मला रडू आवरत नव्हतं. त्यांनी ती उजेडात धरून बघितली, बरोबर आहे म्हणाले आणि स्वतःच्या हाताने अल्बमला लावली.

पुढच्या मंगळवारी मी खुर्ची ओढून ठेवली होती. काका आले नाहीत. नंतरही आले नाहीत.