स्वच्छतागृहातली शाल

टीव्हीवर मी पहिल्यांदा दिसले तीच मेलेली. नायकाची पहिली बायको, दिवाणखान्याच्या भिंतीवर, गळ्यात चंदनाचा हार. मालिकेचं शूटिंग कोल्हापूरच्या बाहेर एका बंगल्यात चालायचं. मला एकदाच बोलावलं, साडी नेसवली, "गोड हसा, पण गेलेल्या बाईसारखं," असं सांगितलं आणि फोटो काढून घरी पाठवलं. पुढचे आठ महिने मी रोज संध्याकाळी साडेसातला घराघरांत टांगलेली होते. नायक माझ्याकडे बघून रडायचा, सासू माझ्याखाली उभी राहून कारस्थानं करायची, दुसरी बायको माझ्यावरची धूळ पुसायची. संवाद एकही नाही. तरी मंगळवार पेठेत मला लोक 'ॲक्ट्रेस' म्हणायला लागले. त्याआधी पाच वर्षं मी त्याच पेठेत स्वतःच्या तोंडानं बोलत होते, तेव्हा मी 'ती पत्रकवाली' होते. बाईनं तोंड मिटून भिंतीवर टांगून घेतलं की तिची केवढी प्रगती होते बघा.

पत्रकं कसली, तर एका कुलपाची.

माझी आई मंडईत पालेभाजी विकते. सकाळी सहाला जागा धरते, दुपारी तीनला उठते. तेवढ्या वेळात ती पाण्याचा घोट घेत नाही. उपास नाही, नवस नाही. जायला जागा नाही म्हणून. तिच्या रांगेतल्या सगळ्या बायकांचं तसंच. आईला दोनदा मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. आई म्हणाली, "डाक्टर, एक दिस माझ्या जागेवर बसा, आणि मग मला सांगा."

जागा नाही हे म्हणणं तसं खोटं आहे. मंडईच्या कोपऱ्यात महिला स्वच्छतागृह आहे. गुलाबी फरशी, दारावर अंबाडा घातलेल्या बाईचं डोकं रंगवलेलं. त्याचं उद्घाटन दोनदा झालं, एकदा पाया घालताना आणि एकदा रंग दिल्यावर. दोन्ही वेळा नारळ फोडला तो आमच्या भागातल्या साहेबांनी. साहेब म्हणजे मागचे नगरसेवक, पुढचेही होऊ घातलेले, आणि मधल्या काळात करमत नाही म्हणून मंडळाचे अध्यक्ष. दुसऱ्या उद्घाटनानंतर दाराला कुलूप लागलं ते लागलंच. महापालिकेच्या ऑफिसात विचारलं तर किल्ली मंडळाकडं. मंडळात विचारलं तर किल्ली ऑफिसात.

मी पत्रकं काढली. 'कुलूप कुणासाठी?' हे पहिलं. मग 'आयाबहिणींनी पाणी प्यायचं की नाही?' मग 'किल्ली दाखवा'. एकेक वाक्य विचार करून लिहिलेलं, तीन-तीन उद्गारचिन्हं. वाटायला मंडईतच जायचे. लोक घ्यायचे, खिशात घालायचे, नाहीतर आईच्याच रांगेत कोथिंबिरीखाली अंथरायचे. माझ्या लिखाणाला भाजीवाल्यांनी दिलेला ओलावा दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

एका रविवारी एका हॉटेलच्या गच्चीवर पोरापोरींनी माइक लावला होता. कुणीही यावं, पाच मिनिटं लोकांना हसवावं, असं. मला हसवायचं नव्हतं. मला फुकट माइक दिसला. मी गेले आणि कुलपाचं पत्रक वाचायला लागले. लोक हसले. मी भडकले. "हसताय काय?" म्हटलं, तर आणखी हसले. मी दोन उद्घाटनांची गोष्ट चिडून सांगितली, तर पुढचा एकजण खुर्चीवरून ओरडला, "ताई, थांबू नका, पुढं बोला की!" पत्रकाला पाच वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. अशी मी विनोदी कलाकार झाले. खाली उतरल्यावर एक गृहस्थ भेटले. "लई भारी. पण कसं हाय, बायकांनी घरातलं बोलावं. सासू-बिसू. हे संडासाचं कशाला?" मी म्हटलं, "माझं लग्न झालेलं नाही." ते म्हणाले, "तेच म्हणतो मी. आधी ते बघा."

वर्षभर हे चाललं. कॉलेजांत, हॉलमध्ये, एकदा तर मसाल्याच्या दुकानाच्या उद्घाटनात. भिंतीवरचा फोटो त्याच काळातला. आणि मग महिला दिनाच्या आधी आठ दिवस साहेबांचा फोन आला.

"बाळ, मंडळातर्फे कर्तृत्ववान महिलांचा सत्कार ठेवलाय. त्यात तुमचा बी हाय. वर धा मिनिटं जोक मारा. तेवढं कुलपाचं काढू नका. बायकांचा कार्यक्रम हाय, घाण विषय नको."

मग साहेबांनी हळूच सांगितलं, की मालिकेचा तो बंगला त्यांच्या मेव्हण्याचा आहे. दिग्दर्शक परवाच चहाला आले होते. मेलेल्या बायकोची जुळी बहीण आणायची चाललीय. "बोलणारी," साहेब म्हणाले. "भरपूर बोलणारी."

मी हो म्हणाले. पत्रकात मी 'विकले गेलेले' हा शब्द लोकांसाठी बऱ्याचदा वापरलाय, म्हणून इथं माझ्यासाठीही वापरते. आठ महिने भिंतीवर टांगलेल्या माणसाला कुणी खाली उतरून बोल म्हटलं, की त्याला पुढचं काही ऐकू येत नाही. घरी येऊन आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"घे की मग. एवढी वर्सं न्हाय पाणी पिलो, आणखी चार वर्सांनी काय मरत न्हाय मी. तुला बोलायला मिळतंय न्हवं?"

एवढं बोलून ती परत मेथीकडं वळली. मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी चौकात फ्लेक्स लागला. 'कोल्हापूरची वाघीण' असं वर, खाली साहेबांसह मंडळाच्या बत्तीसजणांचे चेहरे, मधोमध मी. मंडळानं माझा फोटो कुठून घेतला? मालिकेतून. चंदनाच्या हारासकट. दुपारी गडमुडशिंगीहून मामा-मामी मोटरसायकलवर आले, मामी गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढत. दार मीच उघडलं. मामीनं मला बघितलं, रडं तिथंच थांबवलं आणि म्हणाली, "आगं, मग फोन तरी करायचा की!" मंडळाला सांगितलं तर ते म्हणाले, हार हाय म्हणून तर सत्काराचा वाटतोय.

महिला दिनाला दुपारी चारलाच मी मंडईत गेले. स्टेज तिथंच होतं, बायकांना सोयीचं म्हणून. सासूवरचे दहा मिनिटांचे विनोद पाठ करत होते. मंडळाचे खजिनदार काका हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. साठीचे, पांढरी टोपी, पेठेत कुणाचंही लग्न-बारसं असलं तरी यांची धावपळ. ते सरळ गुलाबी दारापाशी गेले आणि कुलूप उघडलं.

मी मागोमाग आत.

पहिल्या खोलीत शाली. प्लास्टिकच्या पिशव्यांत, छतापर्यंत. दुसऱ्या खोलीत फेटे आणि सन्मानचिन्हं. तिसऱ्या खोलीत संडासाच्या भांड्यावर फळी टाकून गुलालाची पोती. हात धुवायच्या बेसिनमध्ये नारळ, एकावर एक. डांबरगोळ्यांचा वास नाकात बसला.

"काका, हे काय?"

"सत्काराचं सामान. पेठेत गोडाऊनला जागा कुठं मिळतीय? इथं कसं, कोरडं असतंय. पाणीच जोडलं न्हाय की अजून. शालीला कसर न्हाय लागत." मग अभिमानानं, "इतक्या दिसांत एक नारळ हलला न्हाय बघ. बायकांचं म्हणून लिहिलंय न्हवं, कोण गडी आत येत न्हाय."

"आणि बायका?"

"त्यांना कुलूप हाय."

माणूस वाईट नव्हता हो. हे लिहितानाही मला त्यांचा राग आणायला कष्ट पडतात. त्यांनी शाली मोजून घेतल्या, कुलूप लावलं, ओढून बघितलं.

सहाला कार्यक्रम सुरू झाला. महिला दिनाचा पहिला सत्कार साहेबांचा. दुसरा साहेबांच्या बंधूंचा. तिसरा बंगलेवाल्या मेव्हण्यांचा. मग बायका. समोर मंडईतल्या सगळ्याजणी बसल्या होत्या, शेवटी पैठणीची सोडत होती म्हणून. आई तिसऱ्या रांगेत, आज तीनलाही घरी न जाता थांबलेली, सकाळपासून बिनपाण्याची. माझं नाव पुकारलं. साहेबांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि तोच डांबरगोळ्यांचा वास आला.

माइक हातात आला. "माझी सासू..." एवढं म्हणाले. समोर आई हसायच्या तयारीनं बघत होती. सुकलेले ओठ, पण तयारी पूर्ण. लेकीचा पहिलाच मोठा सत्कार.

"सासू नाहीच मला," मी म्हणाले. "शाल आहे. ही शाल कुठून आली सांगू? त्या गुलाबी दारातनं. आयांनो, पाच वर्षं मी पत्रकात विचारलं, आत कोण आहे. आज कळलं. आत सत्कार आहे. पहिल्या खोलीत शाली, दुसऱ्या खोलीत फेटे. आणि बेसिनमध्ये नारळ."

कुणी हसलं नाही. साहेब हसत होते, पण ते फोटोसाठी. मग मागून एक म्हातारी उठली. मिरच्या विकते, सीमाभागातली, सगळी मंडई तिला आक्का म्हणते.

"म्हंजी आमच्या जागेवर नारळ बसलाय व्हय? नशीबवान हाय की भाड्या! आम्हास्नी चौदा वर्सं बसाय मिळंना!"

मंडईचं छत हललं. मी वर्षभर गच्च्यांवर घासून घासून जे करत होते, ते आक्कानं बसल्या जागेवरून उठून केलं. बायका हसत हसतच उभ्या राहिल्या आणि चालायला लागल्या. साहेबांनी माइक ओढून घेतला, "माता-भगिनींनो, पैठणी राहिलीय, पैठणी!" कुणी वळलं नाही. गुलाबी दारापाशी खजिनदार काका जुडगा छातीशी धरून उभे. आई त्यांच्यासमोर थांबली. ती त्यांना तीस वर्षं ओळखते, रोज त्यांना कोथिंबीर देते.

"किल्ली द्या, पावणं."

एवढ्या ओळखीत परक्यासारखं पावणं म्हटल्यावर काका कोसळले. किल्ली दिली. मग बायकांनी रांग केली, भाजीच्या पाट्या उतरवतात तशी, आणि हातोहात सगळं सामान बाहेर काढून स्टेजवर नेऊन ठेवलं. शाली, फेटे, गुलाल, सन्मानचिन्हं. शेवटी नारळ. साहेबांच्या खुर्चीभोवती नारळांची रास लागली. काका मागनं मोजत होते.

जुळी बहीण मालिकेत आली. मुंबईची कुणी मुलगी आहे. पण माझ्यासारखी दिसत नाही म्हणून भिंतीवरचा माझा फोटोही काढावा लागला. एका भागात घराला रंग दिला आणि मी ट्रंकेत गेले. मामीला आधी फोन करून ठेवला.

स्वच्छतागृहाला महिन्याभरात पाणी जोडलं आणि तिसरं उद्घाटन झालं. फ्लेक्सवर 'शब्द पाळला' असं लिहिलं होतं, साहेबांचा फोटो, यावेळी बिनहाराचा. मला बोलावणं नव्हतं. आठवड्यातले दोन दिवस नळ कोरडा असतो. त्याचं पत्रक मी छापायला टाकलंय, आणि पाच मिनिटांचा विनोदही तयार आहे. किल्ली मात्र आता मंडळाकडं नाही आणि ऑफिसातही नाही. ती आक्काच्या कनवटीला आहे.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी आईजवळ जाऊन बसले. तिनं चहावाल्याकडून पाण्याचा तांब्या मागून घेतला. दोन घोट घेतले आणि सवयीनं थांबली. तांब्या खाली ठेवायला गेली. मग मान वळवून कोपऱ्यातल्या दाराकडं बघितलं. दार उघडं होतं. तिनं तांब्या परत उचलला आणि उरलेलं सगळं पाणी एका दमात प्यायलं.

"बघतीस काय?" तोंड पुसत म्हणाली. "मेथीच्या पेंड्या बांध."