मार्चमध्ये आंबट नाही

गोपाळकाकांवर अन्याय झाला तो २००१ च्या मार्चमधल्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी जेवताना, कुवेतमधल्या सालमियातल्या आमच्या घरात. करणारे आम्हीच होतो : माझे वडील, आई आणि नऊ वर्षांची मी.

कुवेतचा वसंत जेमतेम पंधरा दिवसांचा... वाळवंटावर उगवलेली हिरवी लव धुळीच्या एका वादळात पुसली जायची. पण आमच्या स्वयंपाकघरात तो ऋतू रेंगाळे, कारण खालच्या मजल्यावरच्या चेन आंटींनी आईला चिनी वैद्यकातला वसंतातला आहार शिकवला होता – हा काळ यकृताचा, म्हणून आंबट कमी, गोडसर थोडं जास्त, आणि जे जे कोवळं, हिरवं, मातीतून वर झेपावणारं ते सगळं खायचं. पातीचा कांदा, पालक, मोडाचे मूग, भातात शिजलेली लाल सुकी बोरं... आल्याच्या वाफेनं खिडकीची काच धूसर व्हायची आणि मी ते नियम पाढ्यांसारखे म्हणत घरभर फिरायचे.

गोपाळकाका मालवणकडचे सुतार. वडील इंजिनियर होते त्याच कंपनीत कंत्राटावर. अर्दिया भागातल्या कंपनीच्या गोदामामागे बाराजणांच्या खोलीत राहायचे आणि शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचे, अंगाला लाकडाच्या भुशाचा वास घेऊन. त्या दिवशी त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. मी त्यांच्यापुढची सोलकढीची वाटीच उचलली. "काका, मार्चमध्ये आंबट नाही!"

"अगो बाय," ते हसले, "सोलकढीशिवाय जेवलंय असा गावात कळला, तर माका परत घेवचे नाय!"

मग आवाज उतरवून वडिलांना म्हणाले, "साहेब, माझा सिव्हिल आयडी मिळात काय? कार्डाशिवाय दवाखान्यात घेनत नाय."

कामगारांनी दुसरीकडे जाऊ नये म्हणून सगळ्यांची ही सरकारी ओळखकार्डं वडिलांच्या ऑफिसातल्या कपाटात कुलूपबंद असत. हे गैर आहे, हे वडिलांना चांगलं ठाऊक होतं.

"गोपाळ, हे काम संपू दे रे. तुला दिलं की चाळीसजण रांग लावतील."

"आणि हा लिव्हरचाच सीझन आहे, गोपाळभाऊ," आई म्हणाली. "पंधरा दिवस आमच्यासारखं जेवा, बघा कसा फरक पडतो."

तेवढ्यात चेन आंटी बोरांची पुडी द्यायला आल्या. काकांकडे पाहून दारातच थबकल्या. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "खाना नहीं. हॉस्पिटल. आज."

वडिलांनी हसून पुडी घेतली.

पंधरा दिवस आई डबे पाठवत राहिली – सात्त्विक, हिरवेगार डबे. मग काका कामावरच कोसळले. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी कार्ड विचारलं नाही, पण तोवर यकृतात काही उरलं नव्हतं. चार दिवसांत गेले. शव गावी पाठवायचं ठरलं, तेव्हा मात्र तेच कार्ड पाच मिनिटांत कपाटातून बाहेर आलं.

नातेवाईक अजून म्हणतात, तुझ्या आईवडिलांनी केलं की जमेल तेवढं! खोटं आहे ते. डबा देणं सोपं होतं, म्हणून डबा दिला. आई आता पुण्यात असते. मार्च लागला की पातीचा कांदा चिरायला घेते, अर्ध्यावर सुरी ठेवते आणि उगाच नळ सोडून उभी राहते...

तुमच्यापैकी कुणी आज आखातात मॅनेजर असेल, कुणाचा भाऊ, कुणाचा जावई. कपाटात दुसऱ्या माणसाचं कार्ड किंवा पासपोर्ट असेल, तर त्याला आहाराचे सल्ले देऊ नका. कुलूप काढा. उद्याची पाळी सुरू होण्याआधी ते त्याच्या हातात द्या.