लाँड्रीत आलेली सात पत्रं

काकूंच्या लाँड्रीचा एक नियम होता. कपड्याच्या खिशात जे सापडेल ते पाकिटात घालायचं, वर पावतीचा नंबर टाकायचा आणि कपड्यांबरोबर परत द्यायचं. बटण असो, नोट असो, घडी घातलेला कागद असो. घडी उलगडायची नाही. एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही उलगडली नव्हती.

आणि त्याच काकूंनी परक्याची सात पत्रं वाचली. कशी काय, ते त्यांनाही धड सांगता यायचं नाही.

पत्रं मेलवर आली. मोठ्या ऑर्डरींसाठी त्यांनी लाँड्रीचा मेल उघडला होता, पत्ता म्हणजे आडनाव आणि पुढं एक आकडा. चादरी, टेबलक्लॉथ, कधी डागाची तक्रार, एवढंच त्यात यायचं. एका सोमवारी भलतंच काही आलं. सुरुवात अशी: 'वाचून फेकून दिलंस तरी चालेल, पण वाच.'

काकूंनी वाचलं.

लिहिणारे कुणी वडील होते. मुलानं पसंत केलेल्या मुलीबद्दल ते नको ते बोलले होते. मुलगा घर सोडून गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. पत्ता चुकलाय हे काकूंना लगेच कळलं. उद्या कळवू, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पडद्यांचा ढीग आला. पुढच्या सोमवारी दुसरं पत्र आलं. मग कळवायची लाज वाटायला लागली. आणि खरं सांगायचं तर त्या सोमवारची वाट बघायला लागल्या. तिसऱ्या पत्रात गळका नळ कसा दुरुस्त केला एवढंच होतं. त्याच पत्राला काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

सातवं छोटं होतं. 'सत्तावीस तारखेला तुझी मुलगी पाच वर्षांची होईल, असं कळलं. मी तिला पाहिलेलं नाही. येऊ का? रविवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर नको आहे असं समजेन. पुन्हा त्रास देणार नाही.'

काकूंच्या हातातली इस्त्री शर्टाच्या कॉलरवर तशीच राहिली. जळका वास आला तसे काका आतून आले. काकूंनी सगळं सांगून टाकलं.

"सात?" काका म्हणाले. "आणि मी परवा शेजाऱ्यांचा पेपर नुसता चाळला, तर मला केवढं ऐकवलंस."

"थट्टा नको. आता काय करू ते सांगा."

"डिलीट कर. कुणाला कळतंय?"

"अहो, तो माणूस रविवारी दिवसभर वाट बघेल. मग जन्मभर समजेल, मुलानं नाही म्हटलं."

"मग तूच लिही, 'बाबा, या' म्हणून."

काकूंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की काका जळका शर्ट घेऊन मुकाट्यानं आत गेले.

शनिवारी दुपारी शटर अर्धं ओढून त्या एका बोटानं लिहायला बसल्या.

'मी तुमचा मुलगा नाही. माझी लाँड्री आहे. तुमची सातही पत्रं माझ्याकडं आली. मी सगळी वाचली. चूक माझी. पण तुमच्या मुलानं एकही वाचलेलं नाही. म्हणजे त्यानं तुम्हाला नाही म्हटलेलं नाही. त्याला अजून कुणी विचारलेलंच नाही.'

संध्याकाळी उत्तर आलं. शिव्या असतील म्हणून त्यांनी ते काकांना वाचायला लावलं.

'डायरी पाहिली. मुलाच्या पत्त्यात आडनावापुढं सात आहे, तो मी एक वाचला होता. तुमचा राग आला, तो चहा होईपर्यंत टिकला. पत्रं त्याला तुम्हीच पाठवा. मी पाठवायला बसलो तर अर्धं खोडून टाकीन.'

काकूंनी पत्ता तीनदा तपासला आणि सातही पत्रं मुलाला पाठवली. वर एकच ओळ: 'ही चुकून माझ्याकडं आली होती, तुमची आहेत.'

रविवार गेला. सोमवार गेला. मंगळवारी त्यांनी एकाचा कोट दुसऱ्याच्या हाती दिला.

"मुलगा त्यांचा, बाप त्याचा," काका म्हणाले. "तुझं डोकं का ठिकाणावर नाही?"

बुधवारी सकाळी मेल आला. मुलाचा होता. घाईत त्यानं वडलांना लिहायचं उत्तर, पत्रं जिथून आली तिथंच धाडलं होतं.

'बाबा, गाडी किती वाजता पोचते ते कळवा. स्टेशनवर मी येतो. मुलगी विचारतेय, आजोबा उंच आहेत का.'

काकांनी खांद्यावरून वाकून वाचलं. "पत्ता न बघता पाठवायची खोड घराण्यातलीच दिसतेय."

"हसू नका," काकू म्हणाल्या, पण हसत त्याच होत्या. "सरका जरा. हे आधी पाठवू द्या. तिकडं ते आशा सोडून बसले असतील."