काकूंची मूठ

आमच्या समोरच्या काकूंच्या दाराआड खिळ्यांची एक फळी आहे. तिच्यावर अख्ख्या इमारतीच्या जादा किल्ल्या. कुणी किल्ली विसरलं, की यायचं, हात घालायचा, घेऊन जायचं. दार दिवसभर उघडंच. नळवाल्याला घर उघडून देणं, कुणाचं दूध घेऊन ठेवणं, सगळं काकूंच्या गळ्यात. "भाजा लष्कराच्या भाकऱ्या!" मी चिडवायचे. त्या नुसत्या हसायच्या. 'नाही' म्हणणं त्यांना जमायचंच नाही.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे वाटाणे सोलत बसले होते. फोन वाजला. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला.

"वरची शिवणवाली. नवरा येतोय म्हणते. त्याची किल्ली तिनं काढून घेतलीय, आपल्याकडची देऊ नका म्हणते. भाऊ निघालाय तिला न्यायला."

आतली कडी त्या नवऱ्यानं लाथा घालून कधीच उखडली होती. त्या शिवणवाल्या पोरीच्या गालावरचे वळ आम्ही दोघींनी पाहिले होते.

तेवढ्यात जिन्यात बूट वाजले.

"काकू, किल्ली घेतो हं." आवाज अगदी साखरेत घोळलेला. हात फळीकडे आलासुद्धा. पण काकूंनी झडप घातली. किल्ली त्यांच्या मुठीत.

"नाही मिळणार."

तो हसला. "माझंच घर आहे, काकू. तुम्ही तर कुणाला नाही म्हणत नाही."

"आज म्हणतेय."

त्याचं हसू मावळलं. तो आत आला. "ए म्हातारे, दे इकडे!"

मी काकूंना खेटून उभी राहिले आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा हाका मारल्या. काकू जागच्या हलल्या नाहीत. खालची-वरची दारं उघडू लागली, तसा तो मागे सरकला.

"एवढ्या मदतीला धावणाऱ्या म्हणवता!" तो जिन्यावरून ओरडला.

"मदतच करतेय," काकू पुटपुटल्या. मलाच ते जेमतेम ऐकू आलं.

भाऊ आल्यावर पोरगी बॅग घेऊन खाली आली. काकू फळीखाली बसलेल्या, मूठ अजून आवळलेली. बोटं उघडेचनात, मी प्रयत्न करून थकले होते. ती त्यांच्यापुढे जमिनीवर बसली.

"सोडा, काकू. मी आलेय ना बाहेर."

तिनं एकेक बोट सोडवलं. तळव्यावर किल्लीचे दात उमटले होते. ती कितीतरी वेळ तो तळवा चोळत राहिली. भाऊ दारात थांबला होता, पण त्यानं घाई केली नाही.