शिंगांच्या डबीची राखण

मैंदर्गीच्या माळावर गोजाबाईनं जन्म मेंढरामागं काढला. नवरा बिरप्पा गेला, कळप विकला आणि लेक जोतिरामनं तिला सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत आणलं. शहरात राखायला काही नव्हतं. मग घरात जे नवं येईल, ते ती राखू लागली.

काल कोपऱ्यातल्या खालच्या फळीवर दोन डब्या आल्या. एक पांढरी, बाहेरची तार पोटात घेतलेली. दुसरी काळी, दोन शिंगांची, हिरवे दिवे लुकलुकणारी. सून सोनाली म्हणाली, "आत्या, हिच्यावरच माझी नोकरी हाय बगा." चिंचोळीच्या एका कारखान्याचं हिशेबाचं काम घरबसल्या मिळायचं होतं. आज त्याचीच मुलाखत, लॅपटॉपवर.

सकाळी शिंगांवरनं पाल सरसर गेली आणि गोजाबाईचा जीव वरखाली झाला. गावाकडं कोंबडीची पिल्लं डालग्याखाली झाकतात. हितं डालगं कुटलं? तिनं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं काळ्या डबीवर पालथं घातलं, वर वरवंटा ठेवला.

मुलाखत सुरू झाली न झाली, आतल्या खोलीत सोनालीचा आवाज चढला. "सर? हॅलो, सर?" समोरचा साहेब तोंड उघडं टाकून थिजला, मग दिसेनासाच झाला. सोनालीनं काल नेट लावून गेलेल्या सिद्धरामला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"वहिनी, काळ्या डबीवर कुठले दिवे लागलेत?"

"आत्या, तेवढे दिवे बगा की!"

"थांब, आदी वरवंटा काडू दे."

"वरवंटा?" सिद्धराम चक्रावला.

"पातेल्यावरचा रं."

तो खो खो हसत सुटला. "मावशी, बाहेरचं नेट पांढरीत येतंय, काळी ते घरभर पोचवती. पातेल्याखालनं तिची हाक भाईर पडंल का?"

"एवडंच व्हय!" गोजाबाईला लख्ख उमगलं. ओढ्याच्या खोलात उभं राहून हाळी घातली तर मेंढरू मान वर करत नाही. त्याला टेकाडच गाठावं लागतं. "मग हिला खाली कोपऱ्यात कशाला कोंबलीस, मुडद्या?" तिनं पातेलं उचललं, तार पुरली तेवढी ओढली, डबी कपाटाच्या माथ्यावर बसवली आणि शिंगं ताठ केली.

थोड्या वेळात नेट परत लागलं आणि आतून साहेबांचा आवाज आला, "हां, आता स्पष्ट दिसताय. बोला."

गोजाबाई केरसुणी घेऊन कपाटापाशी बसली. पालीची काय बिशाद!

बऱ्याच वेळानं सोनाली बाहेर आली ती डोळे पुसतच. "आत्या, सोमवारपास्नं काम सुरू!"

गोजाबाईनं सुनेच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग वर शिंगांकडं बघत म्हणाली, "त्या सिद्धरामाला इचार की गं, बांबूचं डालगं चालतंय का?"