उदबत्तीचा धूर

दसऱ्याची सुट्टी संपली आणि आमच्या हुडचा अलार्म वाजायला लागला. पनवेलबाहेरच्या एका औषधांच्या कंपनीत मी तेव्हा केमिस्ट होते. हुड म्हणजे वर-खाली होणाऱ्या काचेचं मोठं कपाट. आत रसायनं तापवायची, गच्चीवरचा पंखा वाफा ओढून बाहेर फेकतो. ओढ कमी झाली की अलार्म ओरडतो. म्यूट केला की जरा वेळ गप्प, मग पुन्हा तेच. डोकं नुसतं भणभणायचं.

मला तिसरा महिना चालू होता. नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे तीन महिने भरल्याशिवाय बोलत नाहीत. मागच्या वेळी मी हुरळून सगळ्यांना सांगितलं, आणि मग त्याच सगळ्यांना एकेक करून वेगळंच सांगावं लागलं. यंदा सासूबाईंनाही कळू दिलं नव्हतं. सकाळी ओकाऱ्या काढून, तोंड धुऊन, काही झालंच नाही असा चेहरा करून बस पकडायची. जीव मेटाकुटीला आला होता.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "अहो, परवाच पूजा झाली त्याची. म्यूट करा आणि काम उरका." जणू पूजा केली की यंत्र आजारी पडायचंच नाही!

शेवटी वायरमन काकांना बोलावलं. ते जवळच्याच गावचे, रिटायरमेंटला आलेले. त्यांनी तपासलं तर हवेची ओढ मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक भोकावर कुणीतरी भक्तिभावाने कुंकवाचं बोट टेकवलेलं. पुसलं, फुंकर मारली. अलार्म चालूच.

"फॅन फिरतंय मॅडम, मी सोता बगून आलो. सेन्सरच गेला असंल."

नवा सेन्सर मागवायचा, तोवर म्यूट, असं साहेबांनी ठरवूनही टाकलं. मला इतका संताप आला, की मी हुडमधलं सगळं बंद केलं, बाटल्या बाहेर नेऊन ठेवल्या, आणि वास गेल्यावर पूजेतली उरलेली उदबत्ती पेटवून काचेखाली धरली. धूर सरळ आत जायला हवा होता. तो तिथेच घुटमळला आणि माझ्या तोंडावर आला.

"जातंय की थोडा आत," काका म्हणाले.

"काका, मला दिवस गेलेत. आणि मी दिवसभर इथेच उभी असते."

बोलून गेले. मागच्या वेळचं सगळं आठवलं. काकांनी माझ्या हातातली उदबत्ती घेतली आणि विझवली.

"तुमी भायेर जाऊन बसा. इथं थांबू नका."

ते गच्चीवर गेले. परत आले ते खालमानेने. दसऱ्याच्या साफसफाईत त्यांनी मोटर उतरवून पुसली होती, रंगवली होती. परत जोडताना दोन वायरींची अदलाबदल झाली आणि पंखा उलटा फिरायला लागला. तो उलटा फिरला तरी घरघर तीच, हवाही ओढतो, पण अर्धीमुर्धी. त्यावर झेंडूचा हार घालून सगळ्यांनी हात जोडले होते.

"फिरतंय, येवढाच बगितला मी," ते म्हणाले. "कुटं फिरतंय ते नाय बगितला."

वायरी बदलल्या. पुन्हा उदबत्ती धरली, तर धूर मुकाट्याने आत गेला. अलार्म थांबला. साहेबांनी मान हलवली आणि काम कधी संपेल ते विचारलं. काकांनी एवढंच विचारलं, "डाक्टरकडं कंदी जानार?"

दुसऱ्याच दिवशी गेले. सोनोग्राफीच्या टेबलावर पडले तेव्हा डॉक्टरीणबाई कितीतरी वेळ स्क्रीनकडे बघत पोटावर यंत्र फिरवत होत्या. मी छताकडे बघत राहिले. मग ठोक्यांचा आवाज आला, धावत सुटल्यासारखा, आणि मी हमसून रडले.

पुढे तीन महिने भरल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्यांनी दृष्ट काढली आणि बजावलं, बाहेर इतक्यात कुणाला बोलू नकोस. मी होय म्हटलं. कंपनीत मात्र काका त्या दिवसापासून रोज, मी यायच्या आधी, हुडखाली उदबत्ती धरून धूर कुठे जातो ते बघून ठेवत होते.