ताणलेले चाळीस शर्ट

कारखान्यात तिला सगळे रिंगमास्तर म्हणत. सर्कशीतली नव्हे हो; भरतकामाच्या मशीनवर कापड धरून ठेवणारी जी दुहेरी रिंग असते ना, तिची. मशीन भराभर चिन्हं भरतं आणि लोक त्याचंच कौतुक करतात. पण कापड रिंगेत नीट बसलं नसेल तर ते लाखमोलाचं मशीनसुद्धा माती खातं. एकोणीस वर्षं ही बाई रिंगा लावत होती आणि तिचा एकही नग परत आला नव्हता. तोंडाने मात्र फटकळ. नव्या बाईने कापड ओढलं की म्हणायची, "अगं, वाळत घालायचंय का ते?"

धाकट्या जावेला तिनेच कामाला लावलं. दिराची नोकरी सुटली होती, म्हणून तिने मालकांकडे शब्द टाकला, "मी शिकवते, जबाबदारी माझी." आणि शिकवलं तेही हातचं काही राखून न ठेवता. खाली आधाराचा जाड कागद, वर कापड. स्क्रू आधीच बेताने आवळून ठेवायचा, आतली रिंग दोन्ही तळव्यांनी एकदम दाबायची, आणि एकदा बसली की कापडाला हात लावायचा नाही. कडेला धरून ओढलं तर तेवढ्यापुरतं झकास दिसतं. पण रिंग काढली की ताणलेलं कापड मागे येतं आणि चिन्ह सुरकुततं. टी-शर्टच्या कापडाचं तर विचारूच नका. धाकटी हुशार होती. महिन्याभरात हात बसला. थोरली घरी सासूला सांगायची, "माझ्यापेक्षा सरस होणार बघा ही."

मग ते चाळीस टी-शर्ट आले. कुठल्याशा शाळेच्या खेळाडूंचे, छातीवर गोल चिन्ह. त्या दुपारी मालक बाहेर होते आणि थोरली दाढ काढायला गेली होती, म्हणून रिंगा धाकटीने लावल्या. घाईत ढिल्या बसल्या, मग तिने कापड ओढून ओढून सारखं केलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी सगळा गठ्ठा टेबलावर आदळला. गोल चिन्हांची अंडी झाली होती. "हे कोणी लावले?"

थोरलीला एका नजरेत कळलं. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला कामाला लागून पुरते सहा महिनेही झाले नव्हते, मालक हाकलणार हे नक्की. थोरलीने ठरवून टाकलं, आपल्या अंगावर घ्यायचं. एवढ्या वर्षांत एक चूक झाली म्हणून मालक दोन शब्द बोलतील, बोलू देत. ती तोंड उघडणार एवढ्यात धाकटी म्हणाली, "ताईंनी लावले. मी म्हणत होते, ओढू नका."

आता काय म्हणावं या पोरीला? जे खोटं थोरली तिच्यासाठी बोलणार होती, तेच तिच्या माथी मारून ही मोकळी झाली. "काय बोलतेस तू?" थोरली म्हणाली. आपण त्या दुपारी दाढ काढायला गेलो होतो हे सांगितलं असतं तर पोरीची नोकरी गेली असती, म्हणून ते तिने सांगितलं नाही. बाकीच्या बायांना खरं माहीत होतं, पण सगळ्या खाली मान घालून बसल्या.

"लावून दाखव," मालक धाकटीला म्हणाले. तिने रिंग लावून दाखवली. कागद, कापड, तळवे. एक सुरकुती नाही. दाबताना खालचा ओठ आत घ्यायची थोरलीची सवयसुद्धा तिने उचलली होती. मग मालक थोरलीकडे वळले, तर संतापाने तिचे हात असे थरथरत होते की रिंग दोनदा निसटली. मालक हळू आवाजात म्हणाले, "वय होतं, बाई. उद्यापासून धागे कापायला बसा."

घरी धाकटी रडली, पाया पडली. "ताई, मला काढूनच टाकलं असतं. तुम्हाला कोण काढणार होतं?"

"अगं, मी घेणारच होते माझ्यावर," थोरली म्हणाली. "तुला क्षणभर दम निघाला नाही." त्यानंतर दोन दिवस ती धाकटीशी कामापुरतंही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मखमलीचं काम आलं, उशांचे गर्द निळे अभ्रे. मखमल रिंगेत दाबायची नसते. दाबली की लव मोडते आणि गोल वळ कायमचा उठतो. रिंगेत नुसता कागद बसवायचा आणि मखमल वरून चिकटवायची. एवढं एक धाकटीला शिकवायचं राहून गेलं होतं. ती धागे कापणाऱ्या बायांच्या बाकाशी आली आणि वाकून कुजबुजली, "ताई, ही कशी लावायची?"

"ते बघ, मालक बसलेत," थोरली म्हणाली. "त्यांच्यासमोर मोठ्याने विचार. मग सांगते."

धाकटीने मालकांकडे बघितलं आणि ती तशीच टेबलाकडे परत गेली. थोरली पाठमोरी बसली होती, तरी तिला नुसत्या आवाजावरून कळत होतं. रिंग उचलली. स्क्रू आवळला. एक हाक मारली असती तर अजून वेळ होता. ती कात्री चालवत राहिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिने जाणूनबुजून कापड बिघडू दिलं, आणि तिला वाईट वाटलं ते फक्त मखमलीचं.